थंडी रुसली तरी डास झोपत नाहीत

हिवाळा हा प्रकृती कमावण्याचा ऋतू, असे आपण मानतो. या दिवसांत भूक लागते, अन्न पचते, झोप शांत लागते. मुंबईच्या किनाऱ्याला मात्र थंडी बेताचीच मिळते. सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. याउलट, फेब्रुवारी २०२३ मध्ये देशातील कमाल तापमानाच्या सरासरीने १९०१ पासूनचा उच्चांक गाठला. थंडी अशी रुसली, तर मनोरीसारख्या खाडीकाठच्या गावाला ते मानवते का?

काहींना जरूर मानवते. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब वाढतो. त्यामुळे हृदयविकाराच्या रुग्णांना व वृद्धांना उबदार हवा सोयीची जाते. सांधे कमी आखडतात. दम्याच्या रुग्णांचा गार हवेचा त्रासही कमी होतो. पहाटे होडीवर जाणाऱ्या कोळी बांधवांनाही ही ऊब सुखाची वाटते.

परंतु थंडीचा एक उपकार आपण विसरतो. आपल्याकडे ती डास नाहीसे करीत नसली, तरी त्यांची वाढ मंदावते. हवा उबदार राहिली की अंड्यापासून डास तयार होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. मग पावसाळ्यातील हिवताप व डेंग्यू दिवाळीनंतरही रेंगाळतात.

डास म्हटले की गावात खाडीकडे बोट दाखवले जाते. डेंग्यूचा डास मात्र मुख्यतः घरातील स्वच्छ, गोड्या पाण्यात वाढतो. पाण्याचे पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे ही त्याची घरे. हिवतापाचा डास विहिरीत व उघड्या टाकीतही वाढतो. केवळ शनिवार-रविवारी उघडणाऱ्या बंगल्यांतील टाक्यांकडे म्हणूनच विशेष लक्ष हवे.

या दिवसांत ताप आला, तर ‘हवा बदलली’ म्हणून अंगावर काढू नये. रक्त तपासून घ्यावे. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. डेंग्यू असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त येणे ही धोक्याची लक्षणे होत. डेंग्यूत ताप उतरू लागतो, तेव्हाच खरी काळजी घ्यावी लागते. मनोरीकरांनी तर दिवस मावळण्याची वाट पाहू नये. रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन मार्व्याकडे खाडी ओलांडणे किंवा भाईंदरचा वळसा घेणे सोपे नसते.

उपाय साधा व बिनखर्चाचा आहे. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. सर्व भांडी रिकामी करून आतून घासावीत, म्हणजे कडेला चिकटलेली अंडीही निघतात. विहिरीवर व टाकीवर जाळी किंवा घट्ट झाकण असावे. हा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी लावावी. स्वेटर कपाटात राहिले तर राहू देत. पावसाळ्यातील ही सवय मात्र फेब्रुवारीपर्यंत मोडू नये.