मुळं पाइपात शिरतात कशी?

न्हाणीघरात पाणी तुंबतं, चेंबरचं झाकण उघडलं की आत केसांच्या गंगावनासारखा मुळांचा झुपका दिसतो. आवारात उंबर किंवा पिंपळ असेल तर बहुतेक घरं त्याच्याकडेच बोट दाखवतात. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण धडधाकट पाइप मूळ सहसा फोडत नाही. दोष आधी सांध्यात असतो.

जुन्या घरांचे पाइप चिनी मातीचे, दोन-दोन फुटांचे तुकडे सिमेंटने जोडलेले. जमीन खचली की सांध्याला बारीक चीर पडते आणि तिथून ओल झिरपते. मुळाचं टोक ओलाव्याचा फरक ओळखतं आणि जास्त ओलीकडे वळतं. या गुणाला जलानुवर्तन म्हणतात. केसाएवढं मूळ चिरेतून आत गेलं की त्याला पाणी, हवा आणि सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद, सगळं एकाच जागी मिळतं. मग ते आत फांद्या फोडतं, चिरेत जाड होतं आणि सांधा आणखी उघडतं. त्या जाळ्यात तेलकट थर, केस, कागद अडकतात.

मशीनने मुळं कापली तर पाणी लगेच वाहतं, पण चीर तशीच राहिल्याने ती पुन्हा येतात. मोरचूद ओतण्याचा सल्ला सर्रास मिळतो. सेप्टिक टँक असेल तर तो मुळीच ऐकू नका. मैला कुजवणारे जिवाणूच त्याने मरतात. गळका भाग खणून तिथे घट्ट सांध्यांचा पीव्हीसी पाइप टाकावा. खर्च होतो, पण झाड वाचतं.