उमेदवारी आणि अभ्यासक्रम

सोनारकी किंवा छापखान्यातील खिळेजुळणी यांप्रमाणे चित्रपट काढणे हीही उमेदवारीने साधणारी विद्या असून वर्गात बसून आणि परीक्षा देऊन ती कोणाच्या पदरात पडत नाही, अशी समजूत आपल्या चित्रव्यवसायात दीर्घकाळ रूढ होती. आणि तिला आधार नव्हता असेही नाही. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली कोल्हापुरात पडेल ते काम करीत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम प्रभृतींनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ काढली, १९३३ मध्ये ती पुण्यास आणली, आणि या विद्येची एकही सनद जवळ नसताना १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ पडद्यावर आणला.

त्याच ‘प्रभात’च्या ओस पडलेल्या आवारात, लॉ कॉलेज रस्त्यावर, १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन करावी, यात एक मौज आहे. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५१ मध्ये तशी शिफारस केली होती. तिचा अंमल व्हायला नऊ वर्षे लागली, हे सरकारी दप्तराची चाल ओळखणाऱ्यास फारसे नवल वाटू नये. पहिले प्राचार्य म्हणून गजानन जागीरदारांना, म्हणजे ‘प्रभात’च्याच ‘रामशास्त्री’ला बोलावण्यात आले, तेव्हा उमेदवारीच्या जुन्या पेढीचा एक मातबर वारसच अभ्यासक्रमाच्या गादीवर बसला असे म्हणायला हरकत नाही.

पण दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनिमुद्रण आणि संकलन अशा शाखा पाडून अभ्यासक्रम कितीही रेखीव आखला, तरी खरी शिस्त लावली ती फिल्मच्या पट्टीने. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात सोळा चौकटी आणि सेकंदाला चोवीस चौकटींचा वेग, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते, आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारी फिल्म मोजूनमापून मिळे. दोन बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत हात घालून, डोळ्यांचे काम बोटांवर सोपवून मॅगझिन भरायला शिकणारा मुलगा, जराशी उजेडाची फट राहिली तर दिवसभराची मेहनत वाया जाईल या धास्तीने जे शिके, ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडणार नाही. कॅमेरा सुरू करण्याआधी विचार संपवावा लागे, कारण चूक फुटांच्या हिशेबात लिहिली जाई. आज डिजिटल कॅमेऱ्यावर हवे तितके चित्रण करता येते आणि नको ते पुसूनही टाकता येते. ही सोय मी नाकारीत नाही, मात्र त्या कृपणतेतून उपजणारा विवेक आता शिक्षकाला वेगळा शिकवावा लागतो.

शिकवण्याच्या या रीतीला निराळे वळण दिले ते ऋत्विक घटकांनी. साठीच्या दशकाच्या मध्यावर ते येथे अध्यापक आणि पुढे उपप्राचार्य झाले. मुक्काम अल्पकाळाचा, परंतु मणि कौल आणि कुमार शहानी यांनी त्यांचे ऋण जन्मभर मानले. याच संस्थेत शिकलेल्या के. के. महाजन यांनी कौल यांच्या ‘उसकी रोटी’चे छायालेखन केले. प्राध्यापक सतीश बहादूर चित्रपटाचा रसास्वाद शिकवीत, आणि ग्रंथाचे वाचन करावे तसे चित्रपटाचेही करता येते, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनावर बिंबवले.

दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण १९७४ मध्ये दिल्लीहून येथे आले. तिची तालीमच निराळी: तीन कॅमेऱ्यांची चित्रे एकाच वेळी समोर दिसत असताना त्यांतले कोणते घ्यायचे हे तत्क्षणी ठरवायचे, संकलकाच्या मेजावर दुरुस्तीची मुदत मागायची नाही. सिनेमावाल्यांनी या शाखेकडे बरीच वर्षे किंचित सावत्रपणाने पाहिले, असे माझे मत आहे.

भांडणेही येथे पुष्कळ झाली. २०१५ मध्ये अध्यक्षांच्या नेमणुकीवरून विद्यार्थ्यांचा संप १३९ दिवस चालला. त्याच सुमारास शिकत असलेल्या पायल कपाडियांच्या चित्रपटाला २०२४ मध्ये कान येथे ग्रां प्री मिळाला. वर्गात आणि आंब्याच्या त्या झाडाखाली, ज्याला विद्यार्थी ‘विझ्डम ट्री’ म्हणतात, होणाऱ्या वादांपैकी अधिक शिकवण कोठे मिळते, हे ठरवणे अवघड आहे.

आणखी एक पाठशाळा १९६४ मध्ये शेजारी उभी राहिली: राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. पी. के. नायर यांनी तेथे देशोदेशीची रिळे गोळा केली आणि ती विद्यार्थ्यांना मुक्तहस्ते दाखवली. काळोख्या सभागृहात विद्यार्थी पडद्याकडे पाहत असताना, हा गृहस्थ मात्र इवल्याशा विजेरीच्या उजेडात, हाती येईल त्या कागदावर टिपणे काढीत बसलेला असे.