आजीकडे पाठवलेली मुलं

लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण एमी चुआ यांच्या २०११ सालच्या पुस्तकातली ‘वाघीण आई’ पाहिली. मुलींना तासन्‌तास पियानोला बसवणारी ती आई स्वतः अमेरिकेत जन्मलेली, येल विद्यापीठात कायदा शिकवणारी. तिच्यावरून अमेरिकेतल्या साऱ्या चिनी घरांची ओळख ठरावी, हा मोठा अन्याय आहे. न्यूयॉर्कमध्ये दुसरीही एक आई राहते. तिच्याकडे पियानो नाही, आणि तिचं तान्हं मूलही तिच्याजवळ नाही.

१९८०नंतर चीनच्या फूच्यान प्रांतातून, विशेषतः फूचौच्या आसपासच्या गावांतून, हजारो माणसं न्यूयॉर्कला आली. पुष्कळ जण कागदपत्रांविना. जून १९९३मध्ये अशाच माणसांना आणणारं ‘गोल्डन व्हेंचर’ हे जहाज न्यूयॉर्कमधल्या रॉकअवेच्या किनाऱ्याशी रुतलं, तेव्हा त्यात २८६ जण कोंबलेले होते. किनारा गाठण्याच्या धडपडीत १० जण दगावले. तस्करांचा दर त्या काळी माणशी ३०,००० डॉलरच्या घरात होता. त्यासाठी काढलेलं कर्ज फेडायचं ते हॉटेलाच्या भटारखान्यात, नाहीतर शिवणकामाच्या कारखान्यात राबून. मॅनहॅटनच्या ईस्ट ब्रॉडवेवरच्या एजन्सीतून काम मिळालं, की बसने दुसऱ्या राज्यातलं एखादं चिनी हॉटेल गाठायचं आणि मालकाने दिलेल्या खोलीत पाठ टेकायची.

अशात मूल झालं तर पाळणाघर परवडत नाही, आणि आई घरी बसली तर कर्ज फिटत नाही. मग काही महिन्यांचं बाळ कुणा ओळखीच्या माणसासोबत विमानाने फूच्यानला आजी-आजोबांकडे जातं. जन्माने ते अमेरिकी नागरिक, त्यामुळे त्याला परतीची वाट मोकळी. कागदपत्रं नसलेल्या आईबापांना मात्र त्याला भेटायला जाता येत नाही. गेले तर परत येणं मुश्कील. पाचव्या वर्षाच्या सुमारास सरकारी शाळेतला मोफत बालवर्ग सुरू झाला, की मूल परत येतं. अभ्यासक या मुलांना ‘सॅटेलाइट बेबी’ म्हणतात.

आईबापांनी मूल टाकलं, असं कुणी म्हणू नये. नातवंडं आजीने सांभाळणं चिनी घरांत रीतीचंच आहे. घाव बसतो तो परतताना. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ इव्हॉन बोर यांनी कॅनडातल्या अशा कुटुंबांचा अभ्यास करून या ताटातुटीकडे लक्ष वेधलं. जिच्या कुशीत वाढलं ती आजी सुटते आणि मूल फोनवर आवाज ऐकलेल्या दोन माणसांच्या हवाली होतं. कधी घरात धाकटं भावंड असतं, कुठेही न पाठवलेलं. मूल जेवत नाही, वर्गात बोलत नाही. भाषा येत नसेल, असं बाईंना वाटतं. मूल मात्र आजीसाठी झुरत असतं.

थकलेल्या आईबापांच्या हाती अशा वेळी हुकूम तेवढा उरतो : जेव, अभ्यास कर, रडू नकोस. बाहेरचे त्याला ‘चिनी शिस्त’ म्हणून मोकळे होतात. शाळेने पहिल्याच आठवड्यात आईला विचारायला हवं, की हे मूल आजवर कुणाकडे वाढलं, आणि त्या माणसाशी ते अजून बोलतं का.

(पुढील लेखांकात : शनिवारच्या चिनी शाळा)