सरासरीच्या आड लपलेली मुले

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने निघालो, की आधी भूगाव आणि मग भुकूम लागते. मुळशी तालुक्यातले हे गाव आता शहराला जवळजवळ टेकले आहे. जुने गावठाण आहे, नव्या सोसायट्या आहेत. आणि जिथे इमारत उभी राहत असते, तिथे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्याही असतात. या तीन ठिकाणच्या, एकाच वयाच्या तीन मुली डोळ्यांसमोर आणा. कोणत्या घरात जन्मायचे, हे तिघींपैकी एकीनेही ठरवलेले नाही.

आपण न निवडलेल्या गोष्टींवरून आपले पुढचे आयुष्य ठरू लागले, की त्याला संधीची विषमता म्हणतात. जॉन रोमर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९९८ साली आपल्या पुस्तकात हा विचार नेमकेपणाने मांडला. प्रयत्न कमी-जास्त पडल्याने होणारा फरक वेगळा आणि जन्माच्या परिस्थितीमुळे होणारा फरक वेगळा. दुसरा फरक भरून काढणे ही समाजाची जबाबदारी.

पण हा फरक दिसणार कसा? समजा, एखाद्या गावात आठ-दहा वर्षांची शंभर मुले आहेत आणि त्यांतल्या ८५ जणांना सोपी गोष्ट वाचता येते. आकडा चांगला वाटतो. आता उरलेली १५ मुले कुठली, ते विचारा. त्यांतली १२ एकाच वस्तीतली निघाली, तर तो योगायोग नव्हे. म्हणून पाहणीत केवळ 'वाचता येते का' एवढे विचारून भागत नाही. मुलगा की मुलगी, आई किती शिकली, शाळा किती लांब, कुटुंब कामासाठी गाव सोडते का, हेही नोंदवावे लागते.

पाहणी केव्हा आणि कुठे करतो, यालाही तितकेच महत्त्व आहे. ४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. नोंद झालेल्या मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. हेतू चांगला होता. पण पुष्कळ मुले सुटल्याची टीका नंतर झाली. ऊसतोडणीचा हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. जुलैत तोडणी कामगारांची मुले आपल्या गावी, शाळेच्या पटावर असतात. डिसेंबरात तीच मुले फडात असतात. एकाच दिवसाच्या मोजणीत ही गळती दिसणार कशी?

'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीने २००५ पासून वेगळी वाट धरली. कार्यकर्ते ग्रामीण भागात मुलांच्या घरी जातात आणि मुलाला छोटा उतारा वाचायला देतात. त्यामुळे पटावर असलेले मूल खरोखर शिकते आहे का, ते कळते. मात्र ही नमुना पाहणी आहे. ती जिल्ह्याचे चित्र दाखवते. भुकूमच्या एखाद्या वस्तीतले कोणते मूल मागे पडले, ते ती सांगू शकत नाही.

ते काम गावालाच करावे लागेल. शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि शाळा व्यवस्थापन समितीने वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यात आणि एकदा हिवाळ्यात, घरोघरी जावे. बांधकामावरच्या खोल्या सोडू नयेत. 'ती आपल्या गावची नाहीत' असे म्हणू नये. शिक्षणहक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि दाखला नाही म्हणून तो नाकारता येत नाही. मुलांची नावे जाहीर करू नयेत. पण प्रत्येक नावामागे कारण आणि उपाय लिहावा. अंतर हे कारण असेल तर वाहन, धाकट्या भावंडाला सांभाळणे हे असेल तर पाळणाघर, भाषा हे असेल तर काही महिने वेगळा वर्ग.

सहा महिन्यांनी तीच यादी पुन्हा काढावी. बांधकामावरची ती मुलगी गोष्ट वाचू लागली असेल, तर पाहणी कामी आली. नसेल, तर आपण फक्त कागद भरले.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)