चकतीवरचे नाव आणि पेटीतले वय

भंगारमालाच्या एका दुकानातून आम्ही आयबीएमचा जुना कार्यालयीन संगणक घेतला. विक्रेता म्हणाला, "सर, अगदी पहिलं मॉडेल आहे, एक्याऐंशीचं!" पुढच्या धातूच्या चकतीवरही 'पर्सनल कॉम्प्युटर' एवढेच कोरलेले होते. पण अशी चकती चिकटवलेली असते. ती एका पेटीवरून दुसरीवर जायला कितीसा वेळ लागतो?

ऑगस्ट 1981 मध्ये आलेला आयबीएम पीसी (क्रमांक 5150) आणि मार्च 1983 मधला पीसी-एक्सटी (क्रमांक 5160) यांच्या पेट्या दिसायला जवळजवळ सारख्या. प्रोसेसरही एकच, 8088. फरक पाहायचा तो मागच्या बाजूला. पीसीला जोडकार्डांसाठी 5 स्लॉट आणि दोन गोल सॉकेट असतात. एक कळफलकाचे, दुसरे चक्क कॅसेट रेकॉर्डरचे. कारण तेव्हा प्रोग्रॅम गाण्याच्या कॅसेटवरही साठवता येत. एक्सटीला स्लॉट 8 आणि गोल सॉकेट एकच. आमच्या पेटीला 8 स्लॉट निघाले. म्हणजे हा एक्सटी, आणि चकती उपरी.

मग झाकण काढले. चिपांच्या पाठीवर बहुधा चार अंकांचा एक आकडा असतो. 8346 म्हणजे 1983 सालचा 46 वा आठवडा. यावरून यंत्र कधी जोडले हे कळत नाही. त्या आठवड्याआधी जोडलेले नाही, एवढेच कळते. म्हणून मदरबोर्डावर पक्क्या बसवलेल्या चिपांतली सर्वांत अलीकडची तारीख धरायची. खोबणीत बसवलेल्या चिपा पुढे कोणी बदललेल्याही असू शकतात. त्यांच्यावर भिस्त नको. आमच्या बोर्डावरचा सर्वांत मोठा आकडा 8346 होता.

आता वीज. इथे घाई नडते. अमेरिकेतून आलेल्या यंत्राच्या पॉवर सप्लायवर 120 व्होल्ट छापलेले असते. ते आपल्या 230 व्होल्टांना सरळ जोडले की संपलेच. आमच्यावरही 120 होते, म्हणून व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. दुसरा धोका थेंबाच्या आकाराच्या टँटलम कपॅसिटरांचा. वर्षानुवर्षे पडून राहिलेला असा कपॅसिटर आतून शॉर्ट होतो आणि वीज देताच फटाक्यासारखा फुटतो. म्हणून वीज देण्यापूर्वी 12 व्होल्टांची वाहिनी आणि ग्राउंड यांमधला रोध मल्टिमीटरने मोजावा. तो शून्याजवळ आला तर सदोष कपॅसिटर शोधून बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. (मॉनिटर मात्र उघडू नये. चित्रनळीत बंद केल्यावरही उच्च दाबाची वीज टिकून राहते.)

यंत्र सुरू झाले, आणि पडद्यावर 1701 हा आकडा उमटला: हार्ड डिस्कमध्ये बिघाड. फ्लॉपी मात्र चालली. डॉसबरोबर येणाऱ्या 'डीबग' प्रोग्रॅमने रॉमच्या शेवटच्या 16 बाइट्स पाहिल्या. तिथे तारीख होती 11/08/82. आम्ही ती आधी 11 ऑगस्ट अशी वाचली! अमेरिकन पद्धतीत महिना आधी, म्हणून 8 नोव्हेंबर 1982. ही तारीख रॉममधल्या प्रोग्रॅमची, यंत्राच्या जोडणीची नव्हे. त्यामुळे ती 8346 च्या आधीची असली तरी विसंगती नाही. शेवटून दुसरी बाइट एफई होती. पीसीत ती एफएफ असते.

दुकानदाराला आम्ही हे सारे सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "मग त्र्याऐंशीचं. पण चालतंय ना?"