दोघांचा संसार (भाग ११) : प्लॉट तिच्या नावावर

आज सासर-माहेराबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. अकोल्याहून आलेल्या एका पत्रानं चार दिवस मला दुसरं काही सुचू दिलेलं नाही. पत्रलेखकानं अमरावतीत बडनेरा रोडला प्लॉट घेतला, तोही बायकोच्या नावावर, आणि लग्नाच्या वाढदिवशी कागद तिच्या हातात दिले. ती रडली, पण ते आनंदाचे आसू नव्हते. ‘सारं तिच्यासाठीच केलं, आता आणखी काय पाह्यजे तिले?’ असा त्यांचा सवाल आहे.

रविवारी अकोल्याला जाऊन, उपासना आटोपल्यावर त्यांच्या घरी बसलो. (दोघांना विचारूनच हे लिहितो आहे.) चहाचं आधण ठेवता ठेवता बाई एवढंच बोलल्या, ‘घर कुठं बांधाचं, हे मले कोनी इचारलंच नाई.’ त्यांची म्हातारी आई दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते.

मला कवी ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. टिळकांचा संसार काही काळ आपल्या शेजारच्या नागपुरातही होता. १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशानं टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी त्या वेळी जवळ नव्हती. एवढा मोठा निर्णय तिला बाजूला ठेवून झाला. टिळकांच्या श्रद्धेच्या खरेपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला दरवेळी वाटतं, धर्म बदलल्याच्या दुःखाखाली आणखी एक दुःख आहे, संसारातल्या जोडीदारानं आपल्याला वगळून पाऊल टाकल्याचं.

पुढं काय झालं ते नवऱ्यांनी नीट वाचावं. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला टिळकांकडे आल्या, त्या हिंदू म्हणूनच. सोवळं त्यांचं, स्वयंपाकपाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. तिच्या मनाला लागेल तेवढा वेळ त्यांनी तिला दिला, आणि १९०० साली तिनं स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला. १९१९मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. त्यातला फार मोठा भाग पुढं लक्ष्मीबाईंनी लिहिला.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, नवऱ्यांना उद्देशून एकच वचन आहे. बायकोशी कसं राहावं ते सांगताना मूळ ग्रीकात जो शब्द आला आहे त्याचा अर्थ ज्ञान, म्हणजे तिला जाणून घेऊन राहणं. हे लिहिणारा पेत्र स्वतः संसारी होता. त्याच्या सासूला येशूनं तापातून बरं केल्याचं शुभवर्तमानात आलं आहे. प्रीतीवरचा उपदेश मी प्रत्येक लग्नात ऐकतो, पण जाणून घेण्यावरचा क्वचितच. आणि जाणून घ्यायचं तर आधी विचारावं लागतं. प्लॉट घेणाऱ्या माणसाची प्रीती खोटी नव्हती. त्यानं पै पै जमवली होती. फक्त तिची गरज त्यानं स्वतःच्याच मनात ठरवून टाकली.

हे सारं मी त्यांना सांगितलं. बराच वेळ ते कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसले. मग बायकोकडे वळून म्हणाले, ‘मंग आईले काय वाटते?’

बाईंनी कप खाली ठेवला. ‘आईचं नंतर. पयले मले इचारा.’