पाहुणा समाधानी कधी होतो?

मराठवाड्यातल्या वालूरची बारव काठावरून पाहिली, तर पायऱ्या गोल फिरत पाण्याकडे उतरताना दिसतात. बारवेच्या पायऱ्या एरवी सरळ उतरतात. अशी चक्राकार बारव विरळाच. गाळात दडलेली ही वास्तू गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली आणि वाल्मीकी ऋषींचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वालूरकडे दूरदूरच्या लोकांचे लक्ष वळले. मनमाड–नांदेड लोहमार्गावरचे सेलू हे वालूरचे तालुक्याचे गाव. चारठाण्याची मंदिरे, जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी आणि औंढा नागनाथही याच टापूत आहेत. अशा गावात एखाद्या घराने दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या, तर पैसा घरात येईल आणि बारव जपण्याला आधारही मिळेल. मात्र पाहुण्याने जाताना मनापासून ‘पुन्हा येऊ’ म्हटले पाहिजे.

आधी सांगणे, मग देणे

समाधान कसे घडते, याची एक सोपी मांडणी रिचर्ड ऑलिव्हर या अभ्यासकाने 1980 मध्ये केली. ग्राहक मनात एक अपेक्षा घेऊन येतो आणि मिळालेला अनुभव तिच्याशी ताडून पाहतो. अनुभव अपेक्षेपेक्षा सरस निघाला तर तो खूश होतो, उणा पडला तर नाराज. म्हणजे साधी खोलीही पाहुण्याला आवडू शकते आणि महागडी खोलीही त्याचा विरस करू शकते. खोल्या ठरवण्याच्या एअरबीएनबी या संकेतस्थळावर पाहुणे ज्या सहा बाबींना गुण देतात, त्यांत स्वच्छता, स्वागत, संवाद, ठिकाण आणि पैशाचा मोबदला यांच्याबरोबर ‘वर्णन खरे होते का’ हाही प्रश्न असतो, तो याचसाठी.

मराठवाड्यातल्या यजमानाने हे आधी मनावर घ्यावे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते. वीज जाते, पाणी जपून वापरावे लागते. हे सगळे खोली ठरवतानाच सांगावे. कूलर आहे, एसी नाही. संडास खोलीला लागून आहे की अंगणापलीकडे. गरम पाणी कधी मिळेल. मोबाइलची रेंज कुठे येते. शेवटचा रस्ता कसा आहे. छायाचित्रे आजची असावीत. ज्याला हे चालणार नाही तो येणार नाही, आणि येईल त्याची तक्रार राहणार नाही.

झोप, पाणी, भाकरी

खर्च करायचाच, तर आधी तीन ठिकाणी करावा. कोरडे, घासून लख्ख केलेले न्हाणीघर व संडास. धुतलेली चादर, चांगली गादी आणि डास अडवणारी जाळी. वीज गेली तरी पंखा-दिवा चालवणारा इन्व्हर्टर. भिंतीवरची सजावट नंतर पाहता येईल.

जेवणात हॉटेलची नक्कल नको. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, धपाटे, ठेचा, हंगामात हुरडा, हे या मातीचे ताट आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सहभागातून विकसित झालेले ‘परभणी शक्ती’ हे लोह-जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण 2018 मध्ये आले. भाकरीसोबत ही गोष्टही पाहुण्याला सांगता येईल. तिखट किती चालते आणि जेवणार किती वाजता, हे मात्र आधी विचारावे.

बारवेकडे पाहुण्याला एकटे धाडू नये. पायऱ्या जुन्या आहेत, ओल्या असल्या की निसरड्या होतात. घरातले कोणी सोबत गेले, तर पाय सांभाळला जातो आणि ती मोकळी कशी झाली, हे गावाच्याच तोंडून ऐकायला मिळते.

चूक झाली तर

मोटार बंद पडेल, कधी पाणी तापणार नाही. अशा वेळी कारणे देत बसण्यापेक्षा लगेच माफी मागावी, बादलीभर पाणी चुलीवर तापवून द्यावे आणि दुरुस्ती कधी होईल ते सांगावे. अडचणीत आपली कोणी दखल घेतली, हे माणूस विसरत नाही. निरोपाची वेळही तितकीच जपावी. अनुभव आठवताना माणसाच्या मनात त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट ठळक राहतो, असे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी 1993 च्या प्रयोगातून दाखवले. निघताना बिलात न सांगितलेला आकडा निघाला, तर दोन दिवसांच्या पाहुणचारावर पाणी पडते. म्हणून जेवण, गाडी, सोबतीचा माणूस यांचे दर पहिल्याच दिवशी लिहून द्यावेत.

राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे आणि शेतकऱ्यांसाठी 2020 चे कृषी पर्यटन धोरणही आहे. त्यांत नोंदणी करावी, पाहुण्यांची ओळखपत्रे तपासून नोंदवही ठेवावी. परदेशी पाहुणा आला, तर त्याची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे.

यजमानपण करू पाहणाऱ्याने सुरुवातीला एक काम करावे. आपल्याच खोलीत एक रात्र पाहुण्यासारखे राहावे, जे खुपेल ते कागदावर उतरवावे. त्यातले दुरुस्त होईल ते करावे आणि उरलेले पाहुण्याला आधीच सांगावे. दूरच्या खेड्यातल्या घरावर परका माणूस विश्वास टाकतो, तो अशाच खरेपणामुळे.